कळकलेल्या केपा

वेल्ह्याकडून तोरण्याच्या पाठीला चढत गेलं, की रान संपता संपता एक सपाट माळ लागतो. तिथं तीन घरांचा धनगरवाडा होता. मधलं घर हैबती ढेब्याचं. घरात तो, त्याची बायको सारजाबाई, दावणीला म्हशी, पलीकडं शेरडं कोंडायचा कुंपणाचा वाडगा आणि उंबऱ्यात आडवा पडलेला भुऱ्या नावाचा कुत्रा. एकुलती लेक पारू केळद गावाच्या अंगाला दिलेली होती.

खालच्या गावांत त्याला 'बंदूकवाला हैबती' म्हणत, पण तो काही शिकारी नव्हता. बंदूक त्याच्या बापाची. नाचणी-वरीत घुसणारी डुकरं हाकायला आणि शेरडांवर येणाऱ्या वाघराला, म्हणजे बिबट्याला, भ्याव दाखवायला भोर संस्थानाच्या कचेरीनं बापाला परवाना दिला होता. बाप गेल्यावर तो हैबतीच्या नावावर चढला.

बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि लोखंडी गजानं ठासायचं. मागं घोड्याखाली एक बोंडी असायची, तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. तिला सगळे केप म्हणत. घोडा केपेवर आपटला की आत ठिणगी पडायची आणि बार उडायचा. केप नसली तर बंदूक म्हणजे नुसती काठी.

ठासायचं काम सारजाबाईचं. बाईमाणसानं बंदुकीला हात लावू नये, असं तिची सासू म्हणायची. पण हैबतीचा हात जड. तो दारू सांडायचा, बोळा कधी सैल तर कधी इतका घट्ट बसवायचा की गज अडकायचा. सारजाबाईनं एकदा ते बघितलं आणि "आणा हिकडं" म्हणून बंदूक हातातून काढून घेतली, ती कायमचीच. स्वतः ठासायची आणि हैबतीनं बंदूक खांद्याला लावली की पदरासकट दोन्ही कानांवर हात दाबून, डोळे मिटून उभी राहायची. बार झाला की एकच विचारायची, "कुणाला लागलं?"

"डोंगराला," हैबती म्हणायचा.

मग ती हसायची. तिचं हसू ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या, गेणूच्या घरापर्यंत ऐकू जायचं. हैबती अबोल माणूस. दिवसभर रानात असला तर म्हशींशीसुद्धा बोलायचा नाही. घरातलं सगळं बोलणं तीच बोलायची, त्याच्या वाट्याचंही. लग्नाला वीस-बावीस पावसाळे झाले होते, आणि गेणूची बायको बनाबाई म्हणायची, "हैबतीभावजींना तोंड न्हाई, सारजाच त्यांचं तोंड."

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन चार वर्षं होत आली, तेव्हाची ही गोष्ट. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, तशा केपाही बाजारातून गेल्या. हैबतीची डबी रिकामी होत होत सगळी संपली. नेमकं त्याच हिवाळ्यात एक वाघरू माळाभोवती फिरायला लागलं. आधी गेणूची पाट, वर्षाची शेळी, गेली, मग हैबतीच्या दोन करडी. भुऱ्या भुंकून भुंकून घसा बसवून घ्यायचा आणि हैबती रिकामी बंदूक घेऊन दारात उभा राहायचा.

"वाघराला काय ठावं, आत काय न्हाई म्हून?" सारजाबाई म्हणायची.

"त्याला समदं ठावं असतंय," हैबती म्हणाला. शिमग्याच्या आधी तो बंदूक खांद्याला अडकवून केपा बघायला भोरला निघाला.

खिंड ओलांडून वेळवंड खोऱ्यात उतरायचं, भाटघरच्या धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं चालत राहायचं, की भोर येतं. बाजारपेठेत आनंदरावांचं दुकान होतं. परवानेवाल्यांना दारू, छर्रे, केपा तेच द्यायचे. हैबतीला बघून त्यांनी आधीच हात हलवला.

"कुठल्या केपा, हैबती! विलायतेहून माल यायचा तो बंद. आहे ते सगळं लढाईला जातंय."

हैबती जाईना. पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळानं आनंदरावांनाच राहवेना. शिडी लावून त्यांनी वरच्या फळीवरून एक पत्र्याची डबी काढली, धूळ झटकली, झाकण उघडलं. आत केपा होत्या, पण तांब्याचा रंग गेलेला. ताक ठेवून कळकलेल्या भांड्यासारख्या हिरवट झालेल्या.

"वडिलांच्या वेळची डबी आहे," आनंदराव म्हणाले. "एका पावसाळ्यात इथलं छप्पर गळलं होतं. तेव्हा भिजली असेल, नसेल, मला माहीत नाही. तुला खोटं सांगणार नाही. मागच्या परड्यात जा, उडवून बघ आणि मग ठरव."

हैबती परड्यात गेला. बंदूक रिकामीच होती. बोंडीवर एक केप बसवली, नळीचं तोंड वाळलेल्या पाचोळ्याजवळ धरलं आणि घोडा ओढला. केप खरी असली की तिचा जाळ नळीतून जातो आणि पुढचा पाला हलतो. बापानं शिकवलेली ही पारख. चट्कन आवाज झाला, पाला उडाला. दुसरी बसवली. नुसतं टक् झालं. परत घोडा ओढला, परत टक्. तिसरी उडाली, पाला हलला.

"अजून बघ दोन-चार," आनंदराव दारातून म्हणाले.

"समद्याच बघितल्या तर घरी काय न्यावं, जी?"

आनंदराव हसले, पण हैबती थट्टा करत नव्हता. मडकं वाजवून घेता येतं, म्हैस पिळून बघता येते. केपेचं तसं नाही. ती चांगली होती हे कळतं तेव्हा ती संपलेली असते, आणि तिच्या शेजारची कशी आहे ते तरीही कळत नाहीच. तो बराच वेळ डबीत बघत बसला. मग झाकण लावलं आणि घेऊन निघाला.

घरी सारजाबाईनं केपा फडक्यानं एकेक पुसल्या, परातीत ओळीनं मांडून उन्हात ठेवल्या आणि कोंबड्यांना हाकत तिथंच बसली. दुपारनंतर तिनं बंदूक ठासली. हैबतीनं केप बसवून डोंगराकडं नळी केली. सारजाबाईनं कान झाकले. असा दणदणीत बार उडाला की पलीकडून गेणू पळत आला.

"कुणाला लागलं?" सारजाबाईनं विचारलं. हैबतीसुद्धा त्या दिवशी हसला.

"आजून एक बघतो," तो म्हणाला.

"आता पुरं. सुकल्यात, उडत्याल. समद्या डोंगराला घालाल आनि वाघरू दारात आल्यावर काय, माज्या बांगड्या बोंडीवर बसिवणार?"

त्याचं मन मानत नव्हतं, पण ती म्हणाली ते खरंच होतं. डबी आढ्याला टांगली. त्या बारानं असो की आणखी कशानं, वाघरू त्या बाजूला फिरकेनासं झालं.

त्याच सुमारास भरदिवसा एक कोल्हा माळावर आला. कोल्हं माणसाला बघून पळतं, हे पळेना. तोंडाची लाळ गाळत सरळ शेरडांच्या वाडग्याकडं आलं. भुऱ्या त्याच्यावर तुटून पडला आणि त्यानं कोल्ह्याला तिथंच फाडलं. भुऱ्याच्या कानाला एक भोक पडलं, तेवढंच. सारजाबाईनं जखमेत हळद भरली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून शाबासकी दिली. कान आठवड्यात भरून आला.

आणि पाडव्यानंतर भुऱ्या बदलला. आधी भाकरी खाईना. मग कोपऱ्यात अंधारात जाऊन बसायला लागला. त्याचं भुंकणं फाटलं. भुंकायला लागायचा आणि शेवटी लांडग्यासारखा सूर काढायचा. एका सकाळी तो दावणीचा खुंटा चावताना दिसला, हिरड्यांतून रक्त येत होतं तरी सोडत नव्हता. गेणूनं लांबूनच बघितलं आणि हैबतीला बाजूला घेतलं.

"हैबती, कुत्रं पिसाळलंया. त्या कोल्ह्याचंच हाय ते. पोरंबाळं हाईत, जनावरं हाईत. तुज्याकडं बंदूक हाय."

हैबतीला ते आधीच कळलं होतं. कुणी तोंडानं म्हणेपर्यंत तो थांबला होता. भुऱ्याला त्यानंच एवढासा असताना घोंगडीत घालून आणला होता. माळावर ज्या दिवशी कुणाशीच बोलायचं नसे, त्या दिवशी हैबती त्याच्याशी बोलायचा. हे सारजाबाईला माहीत होतं, आणखी कुणाला नाही.

त्यानं बंदूक तिच्यापुढं धरली. तिनं नकाराची मान हलवली. तो स्वतःच ठासायला बसला आणि निम्मी दारू मातीत सांडली.  तिनं बंदूक घेतली, दारू ओतली, बोळा दाबला. सगळं नेहमीसारखं. ठासून झाल्यावर म्हणाली, "येका बारात व्हऊ द्या. त्याला ताटकळत ठिवू नका."

भुऱ्या वाड्यामागं कारवीच्या जाळीशी पडला होता. हैबती जवळ गेला तशी त्यानं मान उचलली. डोळे तांबारलेले, पण ओळख होती. हैबतीनं केप बसवली, घोडा ओढला, नळी त्याच्या कपाळावर रोखली आणि चाप दाबला.

टक्.

तो आवाज भुऱ्याच्या ओळखीचा होता. घोड्याचा खटका वाजला की हैबती रानात निघतो, हे त्याला पिल्लू असल्यापासून माहीत. तो उठला. मागचे पाय लटपटत होते, तरी शेपूट हलवत हैबतीकडं यायला लागला.

हैबतीनं ती केप काढून टाकली, दुसरी बसवली. टक्. तिसरी बसवताना बोटातून खाली पडली, चौथी घेतली. ती फुसफुसली, थोडा धूर आला आणि विझली. भुऱ्या आता त्याच्या पायांशी आला होता. धोतराचा वास घेत होता. हैबतीला पाय काढून घेता येईना, हात खाली नेता येईना. "भुऱ्या," तो एवढंच म्हणाला, "जा रं."

तेवढ्यात कुत्र्याच्या अंगातून एक झटका गेला, जणू कुणी आतून दोरी ओढली. त्याची ओळख पुसून गेली. तो हैबतीला ओलांडून मान खाली घालून सरळ वाड्याकडं सुटला.

हैबती ओरडत मागं धावला. वाडग्याजवळ बनाबाईची नात खेळत होती. सारजाबाईनं ते बघितलं, पोरीला उचलून वाडग्यात टाकलं आणि फाटकाचा काटेरी झापा लावून त्याला पाठ देऊन उभी राहिली. भुऱ्या तिच्या पायांशी आदळला, झाप्याला चावला, पडला, उठला आणि ओढ्याकडं वळला. हैबतीनं धावता धावता केप बसवली होती. या वेळी घोडा पडला आणि बार उडाला. कोऱ्या मालासारखा उडाला. भुऱ्या ओढ्याच्या काठावर आडवा झाला तो परत हलला नाही.

सारजाबाईनं या वेळी कान झाकले नव्हते, आणि काही विचारलंही नाही. ती झाप्याला टेकून खाली बसली होती. घोट्याजवळ लुगड्याच्या काठाला रक्ताचा डाग होता.

"चावला?" हैबतीनं वाकून विचारलं.

"न्हाई वं. झाप्याचा काटा लागला." तिनं लुगडं ओढून घेतलं. "जावा, त्याला पुरून या. उगाच कावळं बसत्याल."

त्यानं भुऱ्याला खोल पुरलं, वर दगड रचले. परत आला तेव्हा तिनं घोट्याला हळद लावून चिंधी बांधली होती आणि भाकरी थापत होती. बनाबाई चुलीपाशी बसली होती. तिनं हैबतीकडं एकदा बघितलं आणि उठून गेली.

त्यानंतरचे कितीतरी दिवस हैबतीच्या डोक्यात केपाच होत्या. पहिलीच का नाही उडाली? शेवटची उडाली ती पहिली का हाती आली नाही? एके दिवशी त्यानं डबी खाली काढली, रिकामी बंदूक घेऊन अंगणात बसला आणि एकामागून एक केप उडवायला लागला. चट्. चट्. मध्ये एखादी टक् व्हायची, पण बहुतेक सगळ्या उडाल्या. तांबड्या-हिरव्या टरफलांचा सडा पडला. शेवटची उडाल्यावर त्यानं डबी दगडावर आपटली आणि आनंदरावांना, त्यांच्या गळक्या छपराला, लढाईला, सगळ्यांना शिव्या दिल्या. सारजाबाईनं त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"त्या नुसत्या केपा हाईत," ती म्हणाली. "तुमी मुद्दाम केलं का काय? सोडा आता."

"तुला कायतरी झालं असतं तर?"

"मला काय झालंय? ही काय उभी हाय." तिनं टरफलं झाडूनं गोळा केली आणि उकिरड्यावर टाकली.

तिचा घोटा भरून आला. वैशाख निम्मा झाला. मग एक दिवस ती म्हणाली, पायाला मुंग्या येतात. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण. हैबतीनं काढा करून दिला. तिनं वाटी तोंडाशी नेली आणि घसा आवळल्यासारखं होऊन वाटी फेकून दिली. तिचं तिलाच नवल वाटलं. "लई कडू झाला का काय कोन जानं," म्हणून हसायला गेली. संध्याकाळी पाण्याचा तांब्या नुसता पुढं केला तरी तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायला लागल्या. दारातून वारा आला तरी दचकायची.

गेणू आला, उंबऱ्यातूनच बघून मागं फिरला. बाहेर जाऊन दगडावर बसला आणि डोकं धरलं. त्यानं आपल्या चुलत्याला असं जाताना बघितलं होतं.

उजाडताच डोली बांधली. गेणू, हैबती आणि खालच्या गावचे दोघे खांद्याला, मागं बनाबाई. खिंड उतरेपर्यंत सारजाबाई शुद्धीवर होती, वाटेतल्या माणसांशी एखादा शब्द बोलत होती. भाटघरचं पाणी दिसलं आणि तिनं अशी किंकाळी फोडली की पुढच्या माणसाच्या खांद्यावरून डोली निसटली. पसरलेलं, उन्हात चमकणारं पाणी. वाट मैलोन् मैल त्याच्याच कडेनं. हैबतीनं आपली घोंगडी तिच्यावर पांघरली, वरून हातानं दाबून धरली आणि डोलीच्या बाजूनं वाकून चालत राहिला. आतून तिच्या श्वासाचा आवाज येत होता. "पानी न्हाई," तो म्हणत होता, "सारजे, पानी न्हाई हितं. रान हाय. नुसतं रान हाय."

भोरच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला बघितलं, घोट्यावरचा व्रण बघितला आणि हैबतीला बाहेर आणलं.

"कधी चावलं होतं?"

"चावलंच न्हाई, जी. काटा लागला तिला."

"हा काटा नाही, बाबा. दात आहेत. चावलं तेव्हा लगेच आणलं असतं तर पुण्याला पाठवून पोटात सुया दिल्या असत्या. बहुतेक माणसं वाचतात त्यानं. आता..." त्यांनी हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला.

हैबती तेच म्हणत राहिला, काटा लागला, झाप्याचा काटा. तेव्हा भिंतीशी बसलेल्या बनाबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"चावला व्हता, भावजी. म्या बघितलं. माज्या नातीसाठी ती आडवी झाली. मला म्हनली, ह्यांना सांगशील तर माजं मेलेलं तोंड बघशील. म्हनली, ते आधीच त्या केपांपायी जीव खात्यात. ह्ये कळलं तर जितं ऱ्हायचं न्हाईत. म्हनली, भुऱ्या माजाच हाय, त्याचा दात मला काय बाधतोय." बनाबाई रडत खाली कोसळली. "म्या शपथ पाळली. म्या का पाळली?"

हैबती तिच्यावर ओरडला नाही. तिला हात देऊन उठवलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि आत गेला.

सारजाबाईला खोलीत अंधार करून ठेवलं होतं. झटके थांबले की ती अगदी पहिल्यासारखी असायची, आणि तेच बघवत नसे. त्याला आत येताना बघून तिनं हात वर केला. "लांबूनच. माजी लाळ बाधंल."

तो तिच्या पायांशी बसला. "म्या तुला खांद्यावर घालून आनली असती," तो म्हणाला. "त्याच दिशी. पळत आनली असती."

"ठावं हाय."

"मग का न्हाई सांगितलंस?"

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. म्हणाली, "मला वाटलं, काय व्हनार न्हाई." मग जन्मभर वाघराला, पुराला, सासूला न भ्यालेली ती बाई बारीक आवाजात म्हणाली, "अवं, मला लई तान लागलीया."

हैबतीनं पाण्यात बुडवून फडकं आणलं. ते बघताच तिला झटका आला. त्यानं फडकं फेकून दिलं. मग झटका ओसरला की पुन्हा तेच, तान लागलीया. आणि त्याला देता येण्यासारखं जगात काही नव्हतं.

निरोप मिळून केळदहून पारू दुसऱ्या दिवशी पोहोचली तेव्हा दुपार टळत होती. आईनं तिला ओळखलं की नाही कळलं नाही. दिवस मावळायच्या आत सारजाबाई गेली. भोरलाच नदीकाठी तिला दहन दिलं. माळापर्यंत परत न्यायची ताकद कुणाच्यात उरली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर हैबती बंदूक घेऊन भोरच्या कचेरीत गेला. कारकुनानं परवान्याचा कागद उलटा-सुलटा बघितला. "वडिलांपासूनची आहे. का देतोस रे?"

"ठासायला कुनी न्हाई," हैबती म्हणाला.

कारकुनाला त्याचा अर्थ कळला नाही. त्यानं बंदूक जमा करून घेतली. आनंदरावांच्या दुकानावरून जाताना ते बाहेर आले; त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. त्यांनी हात जोडले. हैबतीनंही जोडले. मग तो वाटेला लागला.

पारू म्हणाली, माझ्याकडं चला. तो गेला नाही. म्हशी होत्या, शेरडं होती. चूल तो स्वतः पेटवायचा, भाकरी जाड थापायचा. बनाबाईची नात अधूनमधून येऊन अंगणात बसायची, तो तिला ताक द्यायचा. पण ज्या माणसानं घराबाहेर कधी तोंड उघडलं नाही, तो आता वेगळंच करायला लागला. खालच्या कुठल्याही वाडीत कुणाला कुत्रं, कोल्हं चावल्याचं कानावर आलं की हातातलं काम टाकून निघायचा. चावलेल्या माणसाला भोरला न्यायचा. लहान असलं तर पाठीवर, मोठं असलं तर हात धरून. लोक म्हणायचे, मांत्रिकाकडं नेतो, पाला बांधतो, कुत्रं पाळीव हाय, काय होत न्हाई. तो ऐकून घ्यायचा नाही. कुणी शिव्या दिल्या, कुणी वेडा म्हणालं. एका म्हाताऱ्यानं काठी मारली. त्यालाही हैबतीनं दुसऱ्या दिवशी नेलंच.

लढाई संपून वर्ष झालं असेल. साखर गावच्या बाजूला भिमा नावाचा एक तरणाताठा गडी होता, नुकतंच लग्न झालेला. त्याला रस्त्यावरच्या कुत्र्यानं पोटरीला चावा घेतला आणि ते कुत्रं त्याच दिवशी तोंडाला फेस येऊन मेलं. भिमा हसण्यावारी नेत होता. पेरणी तोंडावर होती. "हैबतबाबा, काटा लागल्यावानी हाय," तो म्हणाला. "कशापायी एवढं?"

हैबतीनं ते शब्द ऐकले आणि त्याच्या अंगणातच बसला. जेवायला बोलावलं, जेवला नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसाच बसलेला. शेवटी भिमाची बायको घाबरली आणि तिनंच नवऱ्याला हाकलून काढलं.

भोरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पुण्याला धाडलं. हैबतीनं पुणं कधी बघितलं नव्हतं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली तो भिमासाठी भाकरी भाजायचा. रोज सुई टोचताना भिमा कण्हायचा, आणि हैबती दाराशी उभा राहून प्रत्येक सुई डोळे न मिटता बघायचा. शेवटची सुई झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "जा घरी. काही होणार नाही याला."

परतीची मोटार कोळशावर चालणारी. मागं भट्टी, चढ आला की धाप लागायची. भिमा खिडकीशी बसल्या बसल्या झोपला. तोंड उघडं, मान हैबतीच्या खांद्यावर पडलेली. जरा वेळानं त्याला जाग आली, त्यानं शेजारच्या बाईच्या हातातला तांब्या मागून घेतला आणि घटाघटा पाणी प्यायला. सगळा तांब्या संपवला, तोंड पुसलं आणि परत झोपला.

हैबती ते बघत होता. आणि एकदम त्याला रडू फुटलं. सारजाबाई गेली त्या दिवशी, दिवसकार्याला, बंदूक देताना, कधीच त्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. आता भरल्या मोटारीत तो लहान पोरासारखा हुंदके देत होता, मुंडाशाचा सोगा तोंडात कोंबून. माणसं वळून बघायला लागली. तिकिटं देणारा जवळ आला, झोपलेल्या भिमाकडं बघून चरकला.

"कोण गेलं, बाबा?"

"कुनी न्हाई," हैबती म्हणाला. "ह्यो वाचला."

तो माणूस पुढं सरकला. भिमाची मान खांद्यावरून ढळू नये म्हणून हैबती अंग चोरून तसाच बसला होता, आणि कात्रजचा घाट मागं पडला तरी त्याचे हुंदके थांबले नव्हते.